पन्नासाला एक

मालवणात दांडी-वायरीकडच्या आमच्या घरांत पहिलं आउटबोर्ड आलं ते टू-स्ट्रोक. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढायची, की निळा धूर सोडत ते सुरू. त्याआधी शीड आणि वल्ही. त्यांना तेल लागत नव्हतं. इंजिनापाठोपाठ पडवीत तेलाचा डबा आला आणि वादही.

घरात स्कूटर होती, तीही टू-स्ट्रोक. पंपावर मिळणारं तिचं टू-टी ऑइल स्वस्त, मग होडीला वेगळं महाग तेल कशाला? आजो म्हणायचा, "त्याल तां त्याल." बाबांना ते पटत नसे, पण कारण सांगता येत नसे. कारण असं, की स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, खूप तापतं. त्याच्या तेलात धातूचा अंश असलेली रसायनं चालतात. आउटबोर्ड समुद्राचं पाणी ओढून थंड राहतं आणि तासन्‌तास एकाच जोरात पळतं. तिथे त्या रसायनांची राख प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर बसते. म्हणून डब्यावर 'टीसी-डब्ल्यू ३' ही खूण बघायची. आम्हा पोरांना ती अक्षरं पाढ्यांआधी पाठ.

मिसळायचं कामही पोरांचंच. पन्नासाला एक, म्हणजे लिटरला २० मिली; इंजिन नवं असेल तर पहिले १० तास दुप्पट. माप म्हणून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, मग तेल, कॅन हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल. तेल जास्त झालं तर प्लग काळा, कमी पडलं तर पिस्टन जाम. तरी मासळी कमी मिळाली की कित्येक घरांत तेलाची धार बारीक व्हायची. हा हिशेब मला तेव्हाही कळला नाही. लिटरमागे ५ मिली वाचवून कुणी माडी बांधली नाही, इंजिनं मात्र खोलावी लागली. किनाऱ्यावर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका तर लांबून धूर बघूनच सांगायच्या, कुणाची होडी आणि कुणाचा हात आखडलाय.

परवा धाकट्या चुलतभावानं फोर-स्ट्रोक आणलं. काका सवयीनं कॅन घेऊन उभा.

"किती घालूचा?"

"कायच नाय, काका. नुसता पेट्रोल."

तेल वेगळं, इंजिनाच्या पोटात. १०डब्ल्यू-३०, 'एफसी-डब्ल्यू' खुणेचं. काकानं विचारलं, मोटारीचं का नको? गार पाण्यामुळे हे इंजिन मोटारीइतकं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश तेलात उतरतो, वर खारी हवा. म्हणून गंज थोपवणारं तेल हवं. पहिल्या २० तासांनी बदलायचं, पुढे दर १०० तासांनी. भावानं हे सगळं पुस्तकातून वाचून दाखवलं. काका ऐकत होता, नजर मात्र मागे, न दिसणाऱ्या धुरावर. धूर नाही म्हणजे इंजिन चाललंय कशावर, हा त्याचा प्रश्न मला रास्तच वाटतो.

खालच्या गिअरच्या तेलात मात्र फार काही बदललेलं नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तळाचा स्क्रू सैल करून ते बघायचं. दुधासारखं पांढुरकं आलं तर सील गेलं, आत पाणी शिरलं. हे काम कायम काकाचं. यंदाही नव्या इंजिनाखाली गोणपाट टाकून तोच बसला आणि भावाला म्हणाला, "पुस्तक ठेव आणि बॅटरी धर."