बर्फ नको, आधी लिहून द्या

गेल्या पावसाळ्यात मुलुंडला एका मोठ्या दुकानात आई घसरली. लादी नुकतीच पुसलेली, पाटी कुठेच नाही. मनगट मोडलं. मॅनेजरने खुर्ची दिली, बर्फ दिला, ‘काकू, जपून’ म्हणाला. आणि आम्ही काय केलं? थँक्यू म्हणून रिक्षा पकडली!

दीड महिन्याने सीसीटीव्ही मागायला गेलो. उत्तर: रेकॉर्डिंग एवढे दिवस राहत नाही. पैसे रोख दिलेले, बिल आईने तिथल्याच डब्यात टाकलेलं. म्हणजे आम्ही तिथे होतो याचाच पुरावा नाही.

घाटकोपर आठवतं ना? १३ मे २०२४, छेडानगरचा पेट्रोल पंप. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२०. १७ माणसं गेली. नंतर जागा कुणाची, परवानगी कुणी दिली, यावरून पालिका आणि रेल्वे पोलीस एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. तिथे ही गत, तर आपल्या मनगटाला कोण विचारतो?

म्हणून सांगतो, पडलात तर निघायच्या आधी लादीचे फोटो काढा, शेजारच्या ग्राहकाचा नंबर घ्या, मॅनेजरकडून लेखी घ्या. फुटेज जपून ठेवा, असं त्याच दिवशी ईमेलने कळवा. डॉक्टरांना नुसतं ‘पडल्या’ नको, ‘अमुक दुकानात पडल्या’ असं लिहायला सांगा. बिल असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. आधी १९१५ वर फोन करून विचारा.

पोळ्या लाटताना आईचं मनगट अजून दुखतं. जाते मात्र त्याच दुकानात. म्हणते, तिथे भाजी चांगली मिळते.