घोड्याची पोच

ऑर्डरप्रमाणे घोडा रंगवून देणं हा काही पोरखेळ नव्हे महाराज! जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकारानं त्यापायी हॉर्कस्टो गावी सुमारे 18 महिने मेलेले घोडे टांगून कापले अन् हाड न् हाड कागदावर उतरवलं. (शेजाऱ्यांच्या नाकांची कल्पनाच केलेली बरी.) पुढं 1762च्या सुमारास रॉकिंगहॅमच्या उमरावाचा 'व्हिसलजॅकेट' त्यानं जवळजवळ सजीव आकारात काढला. ते चित्र पाहून खुद्द घोडाच त्याच्यावर धावून गेला, अशी आख्यायिका आहे. आम्ही बँकेत जन्मभर सह्या ताडून पाहतो, पण इतकी खात्रीची पोच कधी मिळाली नाही! प्रतिष्ठित मंडळी मात्र स्टब्जला 'घोडेवाला' म्हणून नाक मुरडत. 1997 साली लंडनच्या नॅशनल गॅलरीनं त्याच चित्राचे 1 कोटी 10 लाख पौंड मोजले. स्टब्ज 1806 सालीच वारला होता. हिश्श्यावर दावा सांगायला घोडाही उरला नव्हता.