हुंकार देणारा वर्ग

आजी गोष्ट सांगू लागली की नातवंडांनी मधून मधून ‘हूं’ म्हणावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत. हुंकार थांबला की पोर झोपले, हे आजी न पाहता ओळखते. शिक्षकाचेही तसेच असते. वर्ग ऐकतो आहे की नाही, हे त्याला मुलांच्या डोळ्यांवरून कळते.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या, आणि पेडणे-डिचोलीकडील आम्हां शिक्षकांचे वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. तेव्हा सर्वांत आधी हरपला तो हा हुंकार. पडद्यावर नावे दिसत, चेहरा एकही दिसत नसे. पेडण्याच्या दशावतारी नटापुढे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठाऊक असते, संवाद मात्र तो समोरच्या लोकांचा रंग पाहून उभ्या उभ्या रचतो. प्रेक्षकच दिसेनासे झाले तर त्याचीही वाणी आटेल. आमची अवस्था याहून निराळी नव्हती.

मुलांच्या हातांस काम दिल्यावाचून त्यांचे मन पडद्यावर ठरणार नाही, हे लवकरच ध्यानी आले. नॉर्वेत २०१३ साली सुरू झालेले ‘काहूट’ हे प्रश्नमंजूषेचे साधन आम्ही वर्गात आणले. तेरेखोल आणि शापोरा या नद्यांमधला तालुका कोणता, मयेचे तळे कोणत्या तालुक्यात, असे प्रश्न घातले. वर्गात कधी हात वर न करणारी मुलेही उत्तरे देऊ लागली. चुकलेल्या उत्तरांचा लाभ तर अधिकच. कोणता भाग पुन्हा शिकवावा, ते त्यावरून तत्काळ कळे.

विज्ञानासाठी ‘फेट’ उपयोगी पडले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वाइमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा उपक्रम आरंभिला. त्यात मूल स्वतः तारा जोडते, दिवा लावते. तार निसटली की दिवा विझतो. का विझला, हे मग सांगावे लागत नाही. यांतील पुष्कळ प्रयोग एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात.

ही सोय लहान नव्हे. डोंगरावरच्या वाड्यांवर रेंज मिळेलच असे नाही, आणि कित्येक घरांत फोन एकच. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. म्हणून घड्याळाशी शर्यत लावणारे खेळ आम्ही कमी केले आणि रात्री सवडीने करता येईल असा अभ्यास देऊ लागलो. एकदा सांगितले, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक म्हण ऐका, तिचा अर्थ विचारा आणि दोन्ही आपल्या आवाजात पाठवा. अनेक आठवडे मुका राहिलेला एक मुलगा त्या रात्री बोलला. मागून त्याची आजी त्याचा उच्चार सुधारीत होती!

महाराष्ट्राबाहेरील अनेक मराठी घरांत आज मुले पडद्यावरूनच मराठी शिकतात. त्या पालकांस आमचे एवढेच सांगणे की, तास संपल्यावर गुरुजींनी काय शिकवले, हे विचारण्याआधी ‘तू किती वेळा बोललास?’ असे विचारावे. साधने बदलतील, हुंकार मात्र मुलानेच द्यावयाचा असतो, आणि तो मागण्याचे काम शिक्षकाचे.