जागे यंत्र

धाकट्या भावाचा मांडीवरचा संगणक मी तंजावरात प्रथम पाहिला, तेव्हा तो चालूच होता. भाऊ जाऊन अकरा दिवस झाले होते. राजवाड्याच्या पश्चिमेकडील गल्लीत एका जुन्या मराठी घराची माडी त्याने भाड्याने घेतली होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकून तो दर हिवाळ्यात येथे येई. दिवसा सरस्वती महालात कागद वाचायचे, पेन्सिलीने वहीत उतरून घ्यायचे आणि संध्याकाळी माडीवर बसून ते बाळबोधीत टंकायचे, असा त्याचा क्रम. त्या संध्याकाळीही तो टंकायलाच बसला असावा. पडद्यावर अर्धे पान भरले होते आणि शेवटच्या ओळीत ‘खर्’ एवढी अक्षरे उमटून पुढे ती उभी रेघ उघडझाप करीत होती.

यंत्राने कधीही झोपू नये, अशी योजना त्याने स्वतःच करून ठेवली होती. जेवून परत आल्यावर पान जसेच्या तसे समोर हवे, हा त्याचा हट्ट. बंद केल्यास पुन्हा सुरू होताना यंत्र परवलीचा शब्द विचारणार आणि तो शब्द त्याच्याबरोबर गेलेला. वहिनीला ठाऊक नव्हता, पुतण्याला नव्हता. म्हणून मी पहिल्या दिवशी एवढेच केले : भिंतीतली तार नीट बसली आहे ना, ते पाहिले.

घरमालकीण अक्का सत्तरीच्या पुढच्या. त्यांची मराठी आमच्या पणजीच्या बोलण्यासारखी, मात्र वाक्याचा शेवट तमिळ हेलाने उचललेला. भावाला त्या रायर म्हणत, पुढे मलाही म्हणू लागल्या. अकरा दिवस त्यांनी खोली झाडली, पण त्या मेजाला हात लावला नाही. रात्री देवघरातला दिवा त्या स्वतः शांत करीत. तेल जळते म्हणून नव्हे, झोपेत वात पडेल या भीतीने. माडीवरचा निळसर उजेड जिन्यात उतरलेला पाहून त्यांनी एकदा विचारले, हे कुणासाठी जागे असते? मला उत्तर देता आले नाही.

यंत्र सदा चालू ठेवावे की नाही, या प्रश्नावर पूर्वीपासून दोन पक्ष आहेत. चालू ठेवावे म्हणणाऱ्यांचे घराणे जुने. १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत एनियॅक नावाचा खोलीभर संगणक उभारला गेला. त्यात १७,००० हून अधिक निर्वात नळ्या होत्या. त्या फुटत त्या बहुधा तापताना किंवा निवताना. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असे ठरले. नळ्या गेल्या, पण तो सल्ला मागे राहिला. कारण उरले नाही तरी आचार उरतो, हे आपल्याला नवे नाही. वीज म्हणाल तर फार लागत नाही. स्वस्थ बसलेले यंत्र १५ वॅट खाते असे धरले, तर दिवसाला एक तृतीयांश युनिटाहून किंचित अधिक. खरा झिजतो तो बॅटरीचा जीव. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : काठोकाठ भरलेले राहणे आणि उष्मा. भावाच्या यंत्राला तंजावरात दोन्ही मिळाले होते. अलीकडच्या यंत्रांत भरणा ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. त्याच्या यंत्रात ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा भराभर उतरू लागला. साठ, अठ्ठेचाळीस, एकतीस. मी मेजापाशी नुसता उभा राहिलो. आकडा नऊवर असताना पंखा फिरला. मग मला सुचायला हवे होते ते सुचले. बाजारातून एक पेनड्राइव्ह आणून सारे मजकूर उतरवून घेतले, दोन वेळा. एक प्रत पुतण्याला पाठवली. आता यंत्र बंद पडले असते, तरी भावाचे काम बुडणार नव्हते. तरीही मी ते बंद केले नाही. तेव्हा मला कळले की मी कामासाठी ते जागे ठेवीत नव्हतो.

त्या संध्याकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. भाऊ मला तो दाखवणार होता. तो पाहिलाच, पण मन अडकले ते दुसऱ्याच लेखांपाशी. १०१० मध्ये राजराज चोळाने पुरे केलेल्या या देवळात नंदादीपांच्या देणग्या कोरलेल्या आहेत. एका दिव्याला ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई. त्या गुराख्यांकडे सोपवायच्या आणि त्यांनी रोज एक उळक्कु तूप आणून द्यायचे. चोळांच्या लेखांत अशा कळपाला ‘सावा मूवा पेराडु’ म्हणतात : न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. मेंढ्या मरतच होत्या; पण कोकरे वाढत आणि आकडा ९६ चा ९६ राही. अखंड दिव्याची वातसुद्धा रोज बदलावीच लागते.

सरस्वती महालातील पोथ्यांचेही असेच. ताडपत्राला या हवेत कीड लागते. वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, काळे जिरे आणि कापूर यांची पुरचुंडी ठेवून ती लांबवतात, टाळत नाहीत. पोथी टिकते ती कोणीतरी तिची नक्कल केल्यामुळे. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले, राज्य खालसा झाले, वाड्यातले दिवे विझले. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांना खुले झाले आणि कागद पुन्हा कोणाच्या तरी हातात आले. मधली वर्षे ते मिटलेलेच होते की!

दुसऱ्या दिवशी सकाळी मेज पुसताना दिसले, की यंत्राच्या कळांखालची बोट फिरवायची पाटी एका कडेने वर उचलली गेली आहे. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मुलाने बघताक्षणी हात मागे घेतला. बॅटरी फुगली आहे म्हणाला. आणखी भरली तर आग लागेल, ताबडतोब बंद करा. परवलीच्या शब्दाचे सांगताच तो म्हणाला, आतली चकती काढून कदाचित वाचता येईल. मी त्याला कशाला म्हणून सांगावे, की चकतीतले सारे माझ्या खिशात होते?

तार मी दुकानातच काढली होती. माडीवर आणून यंत्र मेजावर ठेवले तेव्हा आकडा चौदा होता. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पान एकदा वरपासून खालपर्यंत वाचले, मग बंद करण्याची आज्ञा दिली. लिहिलेले जतन करायचे का, असे यंत्राने विचारले. मी हो म्हटले. पडदा काळा झाल्यावर त्यात खिडकी दिसली आणि अक्कांचे पांढरे लुगडे. त्या काही बोलल्या नाहीत. खाली जाऊन त्यांनी कॉफी केली.

दुसऱ्या दिवशी भावाच्या वहीतला क्रमांक घेऊन मी सरस्वती महालात गेलो. रुमाल सोडून कागद समोर आला. माझी मोडी कच्ची. ओळ सापडायला तासभर गेला. इतके दिवस तो शब्द ‘खर्च’ असणार असेच मी धरून चाललो होतो. कागदावर ‘खर्डा’ होता. भावाच्याच पेन्सिलीने मी तो वहीत लिहिला आणि पुढच्या ओळीला लागलो.