एका मंत्राचा शास्त्री

विद्वान होण्याची माझी हौस गेल्या दिवाळीच्या सुटीत, वयाच्या ४६ व्या वर्षी पुरी झाली. आणि तीही माजघरातल्या सतरंजीवर, तीन फाशांच्या जोरावर!

खरी विद्वत्ता माझ्या वाट्याला आली नाही. मी दहावी झालो (आमच्या आजीच्या भाषेत मॅट्रिक), त्याच वर्षी वडील गेले आणि पुढचे शिक्षण राहिले. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, एका लहानशा शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवू लागलो. पण ‘आपलं शिक्षण कुठवर झालंय?’ असे कोणी विचारले, की मी अजूनही चहाच्या कपात पाहू लागतो. त्यातून राहणे वाईत! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जिथे बसून मराठी विश्वकोशाचे खंडामागून खंड संपादले, त्या गावात मॅट्रिक माणसाने मान वर करावी तरी कशी?

अशा माझ्यापुढे पुण्याहून आलेल्या भाच्याने एक खेळ मांडला. खेळ मूळचा अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने आणला. यात एकजण सूत्रधार होतो आणि कथा सांगतो. बाकीचे त्या कथेतली पात्रे होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. बेत साधला की फसला, हे फासे ठरवतात. त्यांत एक चांगला २० बाजूंचा असतो. आमच्या भाच्याने मात्र कथा विकतची घेतली नव्हती. सात नद्या, एक बुडालेला किल्ला आणि त्यातले वेताळ, असा सारा मुलूख त्याने वहीत स्वतः रचला होता.

सौ.ने तलवार उचलली. (याचे मला मुळीच नवल वाटले नाही.) चिमी चोर झाली. मी म्हटले, “मला पंडित कर.”

“मग मांत्रिक हो, मामा. तो पोथ्या वाचणारा असतो.”

बुद्धीसाठी तीन फासे टाकले, १७ पडले! १८ च्या वर कुणाला जाताच येत नाही. मी मिशीला ताव दिला. पण भाचा जुन्या नियमांनी खेळणारा. त्यांत योद्ध्याचे आयुष्य आठ बाजूंच्या फाशाने ठरते, मांत्रिकाचे चार बाजूंच्या. माझा पडला एक. म्हणजे मांजराने ओरबाडले तरी शास्त्रीबुवा आटोपले! शिवाय नवशिक्या मांत्रिकाला दिवसाला मंत्र एकच. मी शत्रूला झोपवण्याचा घेतला.

“त्याला मंत्र कशाला?” सौ. म्हणाली. “यांचं व्याख्यान पुरे आहे.”

किल्ल्याच्या दारात काही खुडबुडले. विद्या दाखवण्याची घाई मला आवरली नाही. मी हात उंचावून मंत्र सोडला. चार उंदीर गाढ झोपले. आणि तेवढ्यात मागच्या अंधारातून वेताळ आले. चिमी सर्वांत पुढे होती.

“मामा, तू काय करतोस?”

“निद्रामंत्र!”

“तो तू विसरलास.”

“विसरेन कसा? मला तो पाठ आहे!”

“होता,” भाचा शांतपणे म्हणाला.

नियमच तसा. मंत्र म्हटला की मनातून पुसला जातो. हवा असेल तर विश्रांती घेऊन पोथी उघडायची आणि पुन्हा नव्याने पाठ करायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून उचललेली. म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसाने माझा घात केला! वेताळांनी चिमीला धरून नेले.

“बाबा, उंदरांवर का घालवलात?” एवढेच ती म्हणाली.

रात्री मला झोप येईना. ‘मला पाठ आहे’ हे माझेच शब्द कानांत घुमत होते. २० वर्षे मी तेच व्याकरण पाठ म्हणून दाखवतो आहे. टिपणे पिवळी पडली आहेत. सुटीपूर्वी वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, “सर, दिवाळीतली आळी आणि आपली गणपती आळी एकच का?”

मी म्हणालो होतो, “परीक्षेत नाही ते. बस खाली.”

खरे म्हणजे मला ते माहीत नव्हते. आणि ‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारायला मॅट्रिक माणसाला फार धैर्य लागते. पदवीधराला ते शोभतात. आम्हांला वाटते, आपले बिंग फुटेल.

पहाटे उठून कोश काढला. दीप आणि आवली मिळून दिवाळी. आवली म्हणजे ओळ. आणि आळी म्हणजेही ओळच, घरांची! एक दिव्यांची, एक घरांची. पोरीने नेमके बोट ठेवले होते, आणि मी तिला खाली बसवले होते.

त्या दिवशी खेळात पहाट झाली, तेव्हा मी म्हटले, “थांबा. शास्त्रीबुवा पोथी उघडून बसले आहेत.” सौ.ची तलवार थांबली, सूत्रधार थांबला. शास्त्रीबुवा कुठवर शिकलेत, हे कुणी विचारले नाही. आज वाचले का, एवढेच विचारले. दुपारपर्यंत वेताळ घोरू लागले आणि चिमी सुटून आली.

शाळा उघडली. पहिल्याच तासाला मी वर्गाला सांगितले, “त्या दिवशी मला माहीत नव्हतं. आता ऐका.” ती मुलगी कान देऊन ऐकत होती. संपताच तिचा हात पुन्हा वर!

“मग सर, रांगोळीतली ओळी?”

वर्ग माझ्याकडे पाहत होता. “माहीत नाही,” मी म्हणालो. “उद्या सांगतो.”

आणि त्या संध्याकाळी कोशाचे पान पुन्हा उघडले.