पुढचा कितीचा?

२६ ऑगस्ट २०१९, सुट्टीचा सोमवार, सकाळचे साडेआठ. इंग्लंडमधल्या प्रेस्टनला मी शिकत होते. पलंग हलला, तावदानं थरथरली आणि थांबली. खाली आले तर घरमालकीण भिंतीला हात टेकून उभी.

ब्लॅकपूलजवळ गॅससाठी फ्रॅकिंग सुरू होतं. म्हणजे खोलवरच्या शेल खडकात पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने सोडून भेगा पाडायच्या आणि अडकलेला गॅस बाहेर काढायचा. मी फोन बघून म्हटलं, "२.९ चा होता. माझं आजोळ कोयनेकडचं. तिथे १९६७ मध्ये ६.३ चा झाला होता. ऊर्जेत लाखपटीहून जास्त फरक आहे. हे काहीच नाही."

तिने विचारलं, "आणि पुढचा कितीचा असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. नियम असा होता की ०.५ चा धक्का बसला तरी काम थांबवायचं. पण २.९ चा हा धक्का काम थांबल्यावरच बसला होता.

लोकांची भीती नेहमी बरोबर असते असं नाही. 'गॅसलँड' या २०१० च्या माहितीपटातला पेट घेणारा नळ जगभर गाजला. कोलोरॅडोतल्या त्या विहिरीतला मिथेन नैसर्गिक असल्याचं सरकारी तपासणीत आधीच दिसलं होतं. पण पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉकमध्ये घरांच्या पाण्यात मिथेन शिरल्याबद्दल तिथल्या राज्य सरकारने गॅसविहिरींनाच जबाबदार धरलं. म्हणजे भीतीला सरसकट हसण्यातही अर्थ नाही.

संध्याकाळी आजीला फोन केला. ११ डिसेंबरच्या त्या पहाटेनंतर कितीतरी दिवस थंडीत अंगणात झोपल्याचं तिने सांगितलं. "धरणामुळं होतंय का, असं आम्ही विचारायचो. साहेबलोक म्हणायचे, घाबरू नका. कशामुळं होतंय ते कुणी सांगितलं नाही."

आज माणसाच्या कामामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की कोयनेचं नाव हमखास येतं. आजीचा प्रश्न अडाणी नव्हता. आणि तिचाच भूकंप मी दुसऱ्या एका बाईला गप्प करायला वापरला होता.

दुसऱ्या दिवशी घरमालकिणीला म्हटलं, "पुढचा कितीचा, मला माहीत नाही."

ती म्हणाली, "चहा घेतेस?"

नोव्हेंबरमध्ये अहवाल आला. फ्रॅकिंगमुळे होणाऱ्या भूकंपांची शक्यता आणि तीव्रता आधी अचूक सांगता येत नाही, असं त्यात होतं. सरकारने इंग्लंडमधलं फ्रॅकिंग थांबवलं.