मूळचे कुठले?

अंबरनाथ पश्चिमेला आम्ही राहतो. पूर्वेला, वालधुनीच्या काठी, काळ्या दगडाचं शिवमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे.

या मुम्मुणीची वंशावळ वाचण्यासारखी आहे. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे सख्खे भाऊ, एकामागून एक गादीवर बसले. वडील वज्जड, आजोबा अपराजित. पुढे नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव राजा झाला. त्याच्या खारेपाटणच्या ताम्रपटात भाऊबंदकीमुळे कोकणची वाताहत झाल्याचा उल्लेख आहे. इथवर सगळी माणसं आहेत. पण ताम्रपट तिथे थांबत नाहीत. ते घराणं थेट जीमूतवाहनापर्यंत नेतात. नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतः शिळेवर बसलेला हा विद्याधर! शिवाय राजे ठाण्यात बसून स्वतःला 'तगरपुराचे स्वामी' म्हणवतात. तगर म्हणजे आजचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं.

इंग्लंडमध्येही हेच. वेसेक्सच्या सॅक्सन राजांनी आपला वंश आधी वोडेन या देवाशी जोडला. ख्रिस्ती झाल्यावर वोडेनला काढलं नाही, त्याच्यावर आणखी पिढ्या चढवून यादी नोहा आणि आदमपर्यंत नेली. राज्य करायचं तर मूळ लांबचं आणि थोर लागतं.

आमच्यासारख्यांना मात्र मूळ विचारलं जातं ते भाड्याने खोली बघताना. नाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळचे कुठले?" अंबरनाथचे, म्हटलं तर "नाही हो, त्याआधी?" माझ्या पणजोबांच्या पलीकडचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही. ताम्रपट करून ठेवायला आमच्याकडे तांब्याची भांडीच काय ती होती.

पण एक नोंद मला आवडते. इ.स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौलला आला. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले काही इथेच जन्मलेले, असं तो लिहितो. राजाचं नाव देतो जंझ. हा जंझ शिलाहार, मुम्मुणीच्या खापरपणजोबाचा भाऊ. म्हणजे हे मंदिर उभं राहण्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी या राज्यात मुसलमान मुलं जन्मत होती.

ती माझे पूर्वज होती, असा माझा दावा नाही. तसा केला तर मीही जीमूतवाहनच शोधला म्हणायचा. मला एवढंच म्हणायचंय, की "त्याआधी?" हा प्रश्न विचारायचाच तर सगळ्यांना विचारावा. राजालाही उत्तर देताना शेवटी गोष्टच सांगावी लागली.